‘प्रभूची इच्छा’ आणि आपला होकार

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघाचे काम मी 11 वर्षे पाहिले. त्या काळात प्रेमाविषयी मुलामुलींच्या तोंडून असंख्य वाक्ये ऐकली, पण ‘मला ती आवडते’ किंवा ‘मला तो आवडतो’ इतके साधे वाक्य त्यांत क्वचितच असे. कानावर पडे ते निराळेच: ‘प्रभूने माझ्या मनात घातलं’, ‘प्रार्थनेत तिचं नाव मिळालं’, ‘मला वचन (बायबलची ओळ) आलं’. काही महिन्यांनी तितक्याच गंभीर चेहऱ्याने त्याच मुलाकडून ‘हे प्रभूकडून नव्हतं असं दिसतंय’ हेही ऐकावे लागे. दोन्ही वेळा बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा खरा होता, याविषयी मला शंका नाही. तरीही नव्याने जुळू पाहणाऱ्या नात्यात दुसऱ्या व्यक्तीसमोर देवाच्या इच्छेचा हवाला देणे ख्रिस्ती तरुणांनी थांबवावे आणि मंडळ्यांनीही ते चालवून घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. श्रद्धेची पकड सैल व्हावी म्हणून मी हे म्हणत नाही. श्रद्धेच्या भाषेचा हा वापर श्रद्धेलाच घातक आहे, असे मला वाटते.

ही भाषा मुलांच्या तोंडी येते कुठून, हे आधी समजून घ्यायला हवे. श्रद्धा गांभीर्याने घेणाऱ्या विशीतल्या ख्रिस्ती मुलाचा दिवस पाहावा. उठल्यावर एखादे स्तोत्र वाचायचे, जेवणाआधी उपकारस्तुती करायची, परीक्षेला किंवा मुलाखतीला जाताना डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, शनिवारी गाण्यांचा सराव करायचा, रविवारी उपासनेला जायचे. लहानसहान प्रत्येक गोष्ट देवापुढे मांडावी, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते आणि त्यात गैर काहीच नाही. मग एके दिवशी सरावाच्या वेळी समोरच्या रांगेतल्या कोणाकडे तरी त्याची नजर पुन्हा पुन्हा जाऊ लागते. या नव्या अवस्थेसाठी मंडळीने त्याला दोनच वाक्ये दिलेली असतात: विश्वासाबाहेर लग्न नको आणि लग्नाआधी देहसंबंध नको. या दोन कुंपणांच्या मधला सगळा प्रदेश, म्हणजे आवडणे कसे ओळखावे, ते कसे सांगावे, नकार कसा ऐकावा, घाई होते आहे हे कशावरून कळावे, याविषयी कोणी अवाक्षर काढलेले नसते. शिवाय नुसते आवडणे हे देहाचे काम आहे आणि देह संशयास्पद आहे, असा एक अस्पष्ट धडा त्याच्या मनात मुरलेला असतो. मग स्वतःच्या इच्छेला उजळ माथ्याने वावरता यावे म्हणून तिच्यावर देवाचा शिक्का घेण्याची धडपड सुरू होते. रात्री 1 वाजता पाठवलेल्या स्तोत्राच्या ओळीत स्तोत्रकर्त्याच्या मनात नव्हते असे बरेच काही असते, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणारीलाही.

इथवर सारे निरागस आहे, हसून सोडून देण्याजोगे आहे. पण पुढचे तसे नाही. एक मुलगी, तेव्हा 22 वर्षांची, एका रविवारी उपासना संपल्यावर माझ्याकडे थांबली. गायनवृंदातल्या एका मुलाने 21 दिवस उपवास-प्रार्थना करून तिला सांगितले होते की, आपण दोघांनी एकत्र यावे असे प्रभूने त्याला स्पष्ट दाखवले आहे. तिला तो आवडत नव्हता. म्हणजे मुलगा चांगला होता, पण तिला तसा आवडत नव्हता. तरी त्याला नाही म्हणायला तिला तीन महिने लागले. का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्यानं विचारलं असतं तर मी त्याच दिवशी नाही म्हटलं असतं. पण त्यानं विचारलंच नाही, सांगितलं. मग मी त्याला नाही म्हणतेय की देवाला, हेच मला कळेना.’’ त्या तीन महिन्यांत तिची प्रार्थना बंद पडली होती. प्रार्थनेला बसले की देव आपल्यावर रागावला आहे असे तिला वाटे, आणि ज्याच्याकडे हे दुःख सांगायचे तोच प्रतिपक्षाचा साक्षीदार होऊन बसला होता.

या प्रकाराला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या मुलाने कोणाला फसवले नव्हते. मात्र विचारणे आणि सांगणे यांतला फरक त्या मुलीने अचूक पकडला होता. ‘मला तू आवडतेस’ या वाक्यात बोलणारा स्वतःला उघडा करतो. त्याला नकार मिळू शकतो, आणि तो मिळू शकतो म्हणूनच समोरचीचा होकार खरा ठरतो. ‘प्रभूने मला तुझे नाव दिले’ या वाक्यात बोलणारा स्वतः निरोप्याच्या भूमिकेत जातो आणि आपली इच्छा, आपली भीती, आपली लाज हे सारे मोठ्या अधिकाराच्या आड ठेवतो. समोरच्या व्यक्तीला तेव्हा प्रस्तावावर विचार करायचा नसतो, आज्ञा पाळायची की मोडायची एवढेच ठरवायचे असते. नाते तुटताना हाच खेळ उलटा होतो. ‘प्रभूने मला थांबायला सांगितलं’ असे म्हणून जो निघून जातो, तो मागे राहिलेल्या माणसाला भांडायलाही जागा ठेवत नाही. आपले काय चुकले, समोरच्याचे मन बदलले का, दुसरे कोणी आयुष्यात आले का, यांतले काहीही विचारता येत नाही. साधा प्रेमभंग माणूस काही काळाने पचवतो. देवानेच आपल्याला नापसंत केले, ही समजूत मात्र वर्षानुवर्षे जात नाही. मंडळीत येणे कायमचे सोडलेली माझ्या ओळखीची दोन माणसे याच कारणाने गेली आहेत.

दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नका असे सांगते. आम्ही ती शपथा आणि शिव्या यांच्यापुरती ठेवली आहे. स्वतःच्या इच्छेवर देवाची सही करणे हाही त्याच आज्ञेचा भंग आहे, आणि माझ्या मते शिवीपेक्षा मोठा. येशूने तर डोंगरावरील प्रवचनात शपथेचीच गरज नाकारली: तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे. हे वचन आम्ही न्यायालय आणि व्यवहार यांच्यासंदर्भात वाचतो. तरुण संघात ते प्रेमाच्या संदर्भात एकदा तरी वाचून पाहावे.

श्रद्धावंत आणि बुद्धिमान माणसाचीही या भाषेने काय गत होते, याचे एक बोलके उदाहरण मंडळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. मेथोडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 1736 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत धर्मसेवेसाठी पोहोचला. तिथे सव्हाना गावात सोफिया हॉपकी नावाची तरुणी त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. वेस्लीचे तिच्यावर मन जडले. तिला त्याने सूचक बोलून दाखवले, पण नीट विचारले कधीच नाही, कारण अविवाहित राहून सेवा करावी की लग्न करावे, हे त्याचेच ठरत नव्हते. शेवटी मार्च 1737 मध्ये त्याने सहकारी डेलामॉट याच्याबरोबर प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या तीन होत्या: लग्न कर, या वर्षी याचा विचार नको, यापुढे याचा विचारच नको. तिसरी निघाली. वेस्लीने तो देवाचा कौल मानला आणि मनावर दगड ठेवला. आठवडाभरात सोफियाने विल्यम विल्यमसन नावाच्या दुसऱ्या माणसाशी लग्न केले.

कौल खरोखर देवाचा होता आणि वेस्लीने तो खरोखर स्वीकारला होता, तर गोष्ट इथे संपायला हवी होती. तसे झाले नाही. ऑगस्टमध्ये वेस्लीने त्याच सोफियाला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, नाकारले. त्याच्याकडे त्यासाठी नियमांची कारणे होती, पण गावाला जे दिसायचे ते दिसले. तिच्या नवऱ्याने बेअब्रूचा दावा लावला, प्रकरण चिघळले आणि डिसेंबरात वेस्लीला वसाहत सोडून जावे लागले. त्या वेळी तो 34 वर्षांचा होता, ऑक्सफर्डचा विद्वान होता, आणि त्याच्या भक्तीविषयी कोणीही शंका घेतली नसती. मला या गोष्टीत चिठ्ठ्यांचे हसू येत नाही. माझे लक्ष त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांकडे जाते. आधी त्याने सोफियाला सरळ विचारण्याचे टाळले आणि नंतर स्वतःच्या दुखावलेपणाकडे पाहण्याचे टाळले. चिठ्ठीने निर्णय दिला, पण मनाचे काम केले नाही. जे काम चिठ्ठीने केले नाही, ते पुढे मेजापाशी, भाकर आणि द्राक्षारस यांच्या साक्षीने, भलत्याच रूपात बाहेर पडले.

चिठ्ठ्यांची ही रीत वेस्लीची एकट्याची नव्हती. अमेरिकेच्या प्रवासात जहाजावर त्याला मोरेव्हियन पंथाचे लोक भेटले होते आणि त्यांच्या निर्भय श्रद्धेने तो भारावला होता. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावी वसलेल्या या पंथात 18 व्या शतकात मंडळीचे मोठे निर्णय, त्यांत सभासदांची लग्नेही, चिठ्ठी टाकून ठरत. पण ज्यांनी ही प्रथा मनोभावे पाळली, त्यांनीच पुढे ती सोडली: 1818 च्या धर्मसभेनंतर सामान्य सभासदांच्या लग्नासाठी तिची सक्ती संपुष्टात येत गेली. कॅथलिक धर्मगुरूंच्या जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. 1522 साली, नुकताच धर्माकडे वळलेला असताना, वाटेत एका मुस्लिम प्रवाशाने येशूची आई मरिया हिच्याविषयी काढलेल्या उद्गारांनी तो संतापला. त्याच्या मागे जाऊन त्याला भोसकावे की सोडून द्यावे, हे ठरेना, तेव्हा त्याने आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला आणि ते कोणत्या वाटेने जाते ते पाहायचे ठरवले. खेचराने शहाणपणा दाखवला आणि दुसरी वाट धरली. पुढे याच माणसाने निर्णय कसा घ्यावा यावर जे विवेचन केले, त्यात खेचराला जागा नाही. दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे मांड. अनोळखी माणूस याच अडचणीत असता तर त्याला काय सल्ला दिला असतास ते स्वतःला विचार. मरणाच्या घटकेला आपण काय निवडले असते तर बरे वाटेल ते पाहा, असे तो सांगतो. प्रार्थना त्यात सुरुवातीला आहे आणि शेवटीही आहे, पण मधले चालणे माणसाचे आहे. श्रद्धा परिपक्व होते म्हणजे काय होते, ते लगाम सोडण्यापासून विवेकापर्यंतच्या या प्रवासात दिसते.

यावर पवित्र शास्त्रातूनच एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी अनेकदा ऐकला आहे: बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात मालकाच्या मुलासाठी वधू शोधायला निघालेल्या अब्राहामाच्या सेवकाने विहिरीपाशी उभे राहून देवाकडे चिन्ह मागितले आणि रिबका मिळाली, मग आम्ही का मागू नये? प्रश्न रास्त आहे, म्हणून तो अध्याय सावकाश वाचावा. सेवकाने मागितलेले चिन्ह म्हणजे आकाशात इंद्रधनुष्य किंवा ठरावीक रंगाची ओढणी नव्हे. मी पाणी मागितल्यावर जी आपणहून माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल ती, असे त्याने ठरवले. उंट दहा होते. तहानलेला उंट एका वेळी 100 लिटरच्या घरात पाणी पितो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुलीने घागरीने किती खेपा घातल्या असतील याचा अंदाज येतो. हे चिन्ह म्हणजे स्वभावाची परीक्षा होती, आणि तीही डोळ्यांसमोर पार पडलेली. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. रिबकेचे वडील आणि भाऊ आधी म्हणतात की ही गोष्ट परमेश्वराकडून झाली आहे, आम्हाला बरेवाईट बोलता येत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ आणि आई म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू. तो प्रश्न लगेच निघायचे की दहा दिवसांनी, एवढ्यापुरता होता, हे मान्य. तरी देवाकडून झाले आहे असे घरातल्या मोठ्यांनी जाहीर केल्यानंतरही तिचे उत्तर घेतल्यावाचून काफिला हललेला नाही. ‘जाते’ असे ती म्हणते. मूळ हिब्रूतही तो एकच शब्द आहे. आमच्याकडे चिन्हाची गोष्ट प्रवचनात येते, हा शब्द येत नाही.

देवाने लढाईला बोलावलेल्या, बायबलमधल्या गिदोनाच्या लोकरीचे उदाहरणही असेच दिले जाते. एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, मग लोकर कोरडी आणि जमीन ओली, असे त्याने देवाला दोनदा करायला लावले. पण गिदोनाला काय करायचे ते देवाने आधीच सांगितले होते. लोकर त्याच्या भित्रेपणाची खूण आहे आणि ती मागताना त्याला स्वतःलाच संकोच वाटत होता. ज्यांना ते अनुकरणीय वाटते, त्यांनी निदान ते तरुणपणीच्या प्रेमाला लावू नये, कारण लोकरीला भावना नसतात.

आतापर्यंत मी मुलामुलींविषयी बोललो; आता वडीलधाऱ्यांविषयी बोलले पाहिजे, कारण ही भाषा मुले त्यांच्याकडूनच शिकली. ‘आम्ही प्रार्थना केली, आम्हाला शांती नाही’ हे वाक्य ख्रिस्ती घरांत एखाद्या स्थळाला किंवा मुलीच्या निवडीला नकार देताना जितके सहज येते, तितके दुसरे कुठलेही येत नाही. शांती नसते हे खरे असेलही. पण ती का नसते? मुलाची नोकरी कच्ची आहे, त्याचा पंथ वेगळा आहे, त्याचे आईवडील मंडळीत नवे आले आहेत, रंग, शिक्षण, बोलण्याची ढब, पूर्वीच्या पिढीची जात. ही कारणे उघड बोलली तर त्यांच्यावर वाद घालता येतो आणि त्यांतली काही ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीत हे सिद्धही करता येते. अशांतीवर वाद घालता येत नाही, म्हणूनच ती सोयीची आहे. आईवडिलांना मत असावे आणि ते त्यांनी जोराने मांडावे, याला माझा विरोध नाही. अनेकदा त्यांना दिसणारी खोट विशीतल्या डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी फक्त ती खोट तिच्या नावाने सांगावी.

विश्वासाबाहेरच्या जोडीदाराचा प्रश्न यात येतोच. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका असे लिहिले आणि हेच वचन तरुणांना सर्वाधिक ऐकवले जाते. पण त्याच पौलाने पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये असेही लिहिले, आणि असे घर पवित्र मानले. विधवेने कोणाशी लग्न करावे याविषयी तर तो म्हणतो की, तिला वाटेल त्याच्याशी करण्यास ती मोकळी आहे, मात्र प्रभूमध्ये. ‘तिला वाटेल त्याच्याशी’ हे शब्द पौलाचे आहेत. मर्यादा आहे, पण मर्यादेच्या आत निवड तिची आहे, आणि ती कशी करावी याबद्दल कुठल्याही साक्षात्काराची अट नाही. मला स्वतःला समान श्रद्धा ही संसारातली मोठी सोबत वाटते आणि मुलांना मी तसे सांगतो. पण सोबत मोठी आहे म्हणून ती लादता येते असे होत नाही. मराठीत याचे सर्वपरिचित उदाहरण आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. वियोग झाला, नंतर दोघे एकत्र आले तेव्हाही एका घरात दोन धर्म नांदले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींतून दिसते की, जातिभेद माणसांनी केला आहे हा विचार त्यांच्याच मनात उगवला आणि त्यांनी त्यांच्याच पायांनी उंबरा ओलांडला. नवऱ्याला मिळालेला प्रकाश त्यांना उसना चालला नसता. ज्या बाईचे लग्न बालपणी, तिला न विचारता झाले, तिने धर्म मात्र विचार करून स्वीकारला.

मंडळीची विवाहाविषयीची जुनी शिकवण, गंमत म्हणजे, या बाबतीत आमच्या आजच्या सवयीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. पोप निकोलस पहिला याने 866 साली बल्गेरियनांच्या प्रश्नांना उत्तर देताना लिहिले की, लग्नाला दोघांची संमती पुरेशी आहे आणि ती नसेल तर बाकीचे सगळे विधी फोल आहेत. कॅथलिक मंडळीची 1983 ची धर्मसंहिता हेच तत्त्व कायम ठेवते: विवाह पक्षकारांच्या संमतीने घडतो आणि ही संमती त्यांच्यावतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. प्रॉटेस्टंट विवाहविधीतही पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, उभयतांना एकेकट्याला विचारतात की तू हिला पत्नी म्हणून, तू याला पती म्हणून स्वीकारतोस-स्वीकारतेस काय. देवाने तुला याविषयी काही दाखवले आहे काय, असा प्रश्न त्या विधीत नाही. 1215 च्या लॅटरन धर्मसभेने लग्नाआधी मंडळीत जाहीर सूचना देण्याचा नियम केला, तोही कोणाला ठाऊक असलेली अडचण उघड बोलली जावी म्हणून. गूढ अशांतीला तिथेही वाव ठेवलेला नव्हता. देव या विधीत आहे तो साक्षीदार म्हणून आणि आशीर्वाद देणारा म्हणून. होकार माणसांनी द्यायचा आहे.

मग प्रेम ही निव्वळ खासगी आवडनिवड झाली आणि श्रद्धेला तिथे कामच उरले नाही, असा दुसरा आक्षेप येईल. त्याचे उत्तर देण्याआधी एक अलीकडचा प्रयोग आठवावा. अमेरिकेत 1993 साली सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी लग्नापर्यंत देहसंबंध टाळण्याच्या प्रतिज्ञापत्रांची मोहीम काढली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मैदानात तरुणांनी सह्या केलेली दोन लाखांहून अधिक पत्रे मांडण्यात आली. त्याच लाटेत 1997 साली विशीतल्या एका तरुणाने लग्नाआधीच्या प्रेमसंबंधांचा (डेटिंगचा) मार्गच सोडून द्यावा असे सांगणारे पुस्तक लिहिले. ते लाखोंनी खपले, आमच्या तरुण संघातही त्याच्या झेरॉक्स फिरत. 2018 साली त्याच लेखकाने आपले म्हणणे अनेकांना इजा करून गेले असे मान्य केले आणि पुस्तकाची पुढची छपाई थांबवली. संयमाचे मूल्य मी कमी लेखत नाही. त्या पिढीला मात्र संयमाचे सूत्र मिळाले आणि माणूस वाचायला शिकणे राहून गेले. सूत्र पाळले की नाते आपोआप सुखाचे होईल, असा देवाशी करार झाल्यासारखे त्यांना वाटले. ‘प्रभूने दाखवले’ म्हणणारा मुलगा आणि प्रतिज्ञापत्रावर सही करणारी मुलगी, दोघांचीही अपेक्षा एकच होती: चूक होण्याचा धोका कोणीतरी आपल्यावरून काढून घ्यावा.

श्रद्धेचे काम तो धोका काढून घेणे नव्हे, असे मला डीट्रिख बोनहॉफरकडे पाहून वाटते. जानेवारी 1943 मध्ये या जर्मन पाळकाचे मारिया फॉन वेडेमायरशी लग्न ठरले. तो 36 वर्षांचा, ती 18 वर्षांची. तिचे वडील आदल्या वर्षी रशियाच्या आघाडीवर मारले गेले होते. वयातले अंतर आणि काळ पाहून तिच्या आईने दोघांनी वर्षभर दूर राहावे असे सुचवले होते, आणि तो स्वतः हिटलरविरोधी कटात गुंतला होता. चिन्हे पाहणाऱ्याने यातून ‘हे प्रभूकडून नाही’ याखेरीज दुसरा अर्थ काढला नसता. तीन महिन्यांत, 5 एप्रिलला, त्याला अटक झाली. तुरुंगातून मारियाला लिहिलेल्या पत्रात त्याने बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याची आठवण काढली: शत्रूने यरुशलेमेला वेढा घातलेला असताना यिर्मया शेत विकत घेतो, कारण या भूमीला पुढे भविष्य आहे यावर त्याचा विश्वास आहे. आपले लग्न म्हणजे देवाच्या पृथ्वीला दिलेला होकार असेल, असे त्याने लिहिले. लग्न झालेच नाही. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आले. त्याची श्रद्धा निर्णयाच्या आधी हमी मागत बसली नाही, ती निर्णयानंतर त्याच्या पाठीशी उभी राहिली. प्रेम सहनशील आहे, ते स्वार्थ पाहत नाही, अपकार स्मरत नाही, असे पौल म्हणतो तेव्हा तोही जोडीदार हुडकण्याची खूण सांगत नाही. समोरच्याचा फोन दोन दिवस आला नाही, भांडणात लागट शब्द निघाला, जुन्या नात्याविषयी काही कळले, तर तुम्ही कसे वागाल ते तो सांगतो. विशीतल्या ख्रिस्ती मुलाची श्रद्धा त्याच्या प्रेमात दिसायची तर ती इथे दिसावी. प्रार्थनाही इथेच हवी: मी खरे बोलतो आहे का, मला हवे आहे म्हणून मी तिला घाई करतो आहे का, ती नाही म्हणाली तर मी तिच्याशी रविवारी पूर्वीसारखाच बोलू शकेन का. या प्रार्थनांची उत्तरे मिळतात, आणि ती दुसऱ्या कोणाला कळवण्याची गरज नसते.

मंडळ्यांनी यासाठी फार मोठे काही करायला नको. तरुण संघाच्या पुढाऱ्याने किंवा पाळकाने कोणा दोघांविषयी आपल्याला ‘दर्शन’ झाले असे सांगणे हा शिस्तभंग मानावा. त्याच्या हाती अधिकार असतो आणि त्याचे ‘मला वाटते’देखील मुलांना आज्ञेसारखे ऐकू येते, मग ‘देवाने दाखवले’ याला कोण नकार देईल? विवाहपूर्व समुपदेशनात दोघांना वेगवेगळे बसवून ‘तुला स्वतःला हे हवे आहे का आणि का’ हे विचारावे आणि उत्तरात देवाचे नाव आले तर पुन्हा विचारावे. ‘साक्ष’ सांगताना दांपत्ये आपली प्रेमकथा चमत्कारासारखी सजवतात, तीत मधले संकोच, नकार आणि चुकाही सांगू लागली, तर ऐकणाऱ्या मुलांचे ओझे पुष्कळ उतरेल. बाकी वर्ग, शिबिरे, पत्रके यांवर माझा फारसा भरवसा नाही.

त्या 22 वर्षांच्या मुलीला ज्याने ‘सांगितले’ होते, तो मुलगा चार वर्षांनी एका संध्याकाळी माझ्याकडे आला. दुसऱ्या मंडळीतल्या एका मुलीला त्याला लिहायचे होते आणि तो मजकूर मी आधी वाचावा अशी त्याची इच्छा होती. मजकूर लांब होता, सुरुवातीला एक वचन होते आणि मध्ये आपण किती दिवस प्रार्थना करतो आहोत हे होते. मी काही बोललो नाही. त्यानेच फोन परत घेतला, बराच वेळ खाली मान घालून पुसत बसला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. आता दोनच ओळी उरल्या होत्या: तुझ्याशी बोलायला मला आवडतं, आपण दोघंच कुठेतरी भेटू शकू का, नको वाटलं तर तसं सांग. ती नको म्हणाली तर काय करशील, असे मी विचारले.

‘‘मग नको,’’ तो म्हणाला, आणि माझ्यासमोरच त्याने तो पाठवून दिला.